शिवरात्रीचे उरलेले बटाटे आणि फ्रिटाटा

रंकाळावेस

शिवरात्रीला आमच्याकडे फराळाला नऊ माणसं होती. दोन किलो बटाटे उकडले, त्यातले आठ उरले, सालीसकट. फराळ आटोपल्यावर निथळून, पुसून डब्यात घातले आणि फ्रीजमध्ये ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी उपास सोडतात, त्या दिवशी आमच्या घरी अंडं आणत नाहीत. त्यामुळे ते बटाटे तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर निघाले आणि मी त्यातल्या चारांचा फ्रिटाटा केला. याआधी दोनदा माझा फ्रिटाटा बिघडला होता. या वेळी जमला, आणि का जमला तेही कळलं, म्हणून हा धागा.

फ्रिटाटा म्हणजे इटलीतली अंड्याची जाड पोळी. नाव तिकडच्या ‘तळणे’ या क्रियापदावरून आलंय. आपल्या अंड्याच्या पोळीत कांदा-मिरची चवीपुरती असते. यात भाजी भरपूर आणि अंडं तिला धरून ठेवण्यापुरतं. आपली पोळी दोन मिनिटांत होते, याला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. घडी घालायची नाही, थोडं निवू द्यायचं आणि त्रिकोणी तुकडे कापायचे.

आधीच्या दोन्ही वेळा मी बटाटे मुद्दाम ताजे उकडले होते, गरम गरम सोलून चिरले होते. उरलेलं वापरण्यापेक्षा ताजं बरं, असं मनात होतं. तिथंच चुकलं. गरम बटाटा चिरताना मोडतो, त्याचा पिठूळ लगदा अंड्यात मिसळतो आणि त्याची वाफ अंड्यातच जिरते. खालून करपलं तरी मध्ये ओलसरच. फ्रीजमध्ये रात्र काढलेला बटाटा वेगळाच असतो. उकडताना फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बसतो, वरचं पाणी उडून जातं, सुरी स्वच्छ चालते. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या एकही न मोडता निघाल्या. या पदार्थाला उरलेलाच बटाटा हवा, हे मला आता पटलंय.

माझं प्रमाण: चार मध्यम बटाटे (चारशे ग्रॅमच्या आसपास), सहा अंडी, एक मोठा कांदा उभा चिरून, मूठभर मटार, अर्धी ढोबळी मिरची, कांद्याच्या पातीच्या चार काड्या, दोन हिरव्या मिरच्या, तीन मोठे चमचे दूध, पाऊण चमचा मीठ, मिरपूड आणि दोन मोठे चमचे शेंगतेल. मटार आणि पात रविवारी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली होती. कढई साडेनऊ इंचांची, जाड बुडाची.

अर्ध्या तेलात कांदा मऊ केला, मग मटार आणि ढोबळी मिरची घालून झाकण न ठेवता परतलं. झाकण ठेवलं की भाजीला पाणी सुटतं आणि ते पाणी पुढं अंड्यात उतरतं. भाजी काढून उरलेल्या तेलात चकत्या पसरल्या आणि एका बाजूला सोनेरी होईपर्यंत हलवल्या नाहीत. त्या आतपर्यंत गरम झाल्या पाहिजेत. फ्रीजमधल्या गार चकत्यांवर अंडं ओतलं तर मधला भाग शिजतच नाही.

अंडी काट्याने फक्त पिवळं-पांढरं एक होईपर्यंत हलवायची. फेस काढला तर कढईत फुगतं आणि काढल्यावर बसतं. दूध, मीठ, मिरपूड, हिरवी मिरची, पात त्यातच घातली. भाजी पुन्हा कढईत पसरली, अंडं ओतलं, पहिलं मिनिटभर कडेचं शिजलेलं अंडं कालथ्याने मध्ये ओढून पातळ अंडं कडेला जाऊ दिलं. मग गॅस अगदी बारीक आणि झाकण. झाकणाला आतून पातळ फडकं बांधलं, ढोकळ्याला बांधतो तसं, नाहीतर वाफेचं पाणी वर टपकतं. दहाव्या मिनिटाला कडा सुटल्या होत्या आणि वरचा भाग हलवला तर थरथरत होता, पण वाहत नव्हता. तेव्हा पसरट ताटली उपडी ठेवून कढई उलटी केली, पोळी ताटलीत घेतली आणि सरकवून परत कढईत सोडली. आणखी चार मिनिटं.

माझे सासरे एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, कवळी लावतात. भाकरी कुस्करून खावी लागते. त्यांनी याचे दोन तुकडे स्वतःच्या हाताने तोडून खाल्ले आणि उरलेले बटाटे कधी करणार म्हणून विचारलं.

बिडाचा_तवा

ताई, फार नीट लिहिलंय. माझ्याकडे आजीची बिडाची कढई आहे, पण अंडं चिकटतं म्हणून तिच्यात कधी केलं नाही. नॉनस्टिक घ्यायची इच्छा नाही. काय करावं?

विद्यापीठ_होस्टेल

मी सागरमाळला खोली घेऊन राहतो. इंडक्शन आहे आणि एकच पॅन. ओव्हन लागतो असंच सगळीकडे वाचलं होतं. झाकणावर खरंच होतं का? आणि उलटायची मला भीती वाटते.

रंकाळावेस

@बिडाचा_तवा, बिडाची कढई तर उत्तम, उष्णता धरून ठेवते. आधी मोकळी कढई मध्यम आचेवर चांगली तापू दे, मग तेल घाल, तेल कडेपर्यंत फिरव आणि मगच बटाटे. बटाट्याच्या चकत्यांचा एक थर खाली लागला की अंडं थेट लोखंडाला फारसं लागतच नाही. बटाट्याची पहिली बाजू धीराने भाजली की ती आपण होऊन सुटते. जबरदस्तीने उचललं तर पापुद्रा तिथंच राहतो. आणि झाल्यावर तिच्यात ठेवू नको, ताटात काढ. बीड गॅस बंद केल्यावरही शिजवत राहतं, अंडं कोरडं पडतं.

@विद्यापीठ_होस्टेल, ओव्हनचं काम फक्त वरून ऊब देण्याचं. ते झाकण करतं. आपल्याकडे कोबीचं भानोलं खाली विस्तव आणि वरच्या ताटावर निखारे ठेवून करायचे, तत्त्व तेच. इंडक्शनवर सगळ्यात कमी आकडा ठेव. इंडक्शन मध्येच चालू-बंद होत राहतं, त्यामुळे बुडाचा मधला भाग लवकर लागतो. पातळ पॅन असेल तर दर दोन मिनिटांनी थोडं फिरवत जा. उलटायचं नसेल तर तीन अंड्यांचाच कर, लहान पॅनमध्ये, थर पातळ ठेव, झाकणाखाली पंधरा मिनिटं दे. वरची बाजू फिकी राहील पण शिजेल. मध्ये सुरी खुपसून बघ. ओलं अंडं सुरीला लागलं तर आणखी दोन मिनिटं.

एकच सांगते, बारक्या मुलांना, म्हाताऱ्यांना किंवा दिवस गेलेल्या बाईला देणार असाल तर मध्ये पूर्ण घट्ट होऊ द्या. अंडं ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की साल्मोनेला या जंतूची भीती उरत नाही. कुणाकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तेवढं बघावं.

तोरीनोहून

मूळची राजारामपुरीची, आता इटलीत उत्तरेला राहते. धागा वाचून माझ्या शेजारच्या आजींची आठवण झाली. इथं फ्रिटाटा हा कधी ठरवून बाजारहाट करून केलेला पदार्थ नसतो. आदल्या दिवशीचं जे उरेल ते: पालक, दुधी, कांदा, बटाटा. नेपल्सकडे तर उरलेल्या पास्त्याचा करतात, शेवयांची जाड पोळी म्हणा. त्यामुळे तुमचे शिवरात्रीचे बटाटे त्याच वाटेने गेले.

दोन गोष्टी सुचवते. एक, गरम गरम खायचा आग्रह धरू नका. इथं तो कोमट किंवा गारच खातात, ईस्टरनंतरच्या सोमवारी लोक डबा घेऊन बाहेर पडतात त्यात हमखास असतो. निवल्यावर कांद्याचा गोडवा पुढे येतो आणि तुकडेही सुबक पडतात. दुसरं, मीठ फोडलेल्या अंड्यात दहा मिनिटं आधी घातलं तर सगळीकडे सारखं मुरतं.

स्पेनमध्ये बटाटा आणि अंड्याचा जो तोर्तिया करतात तो वेगळा. त्यात बटाटा कच्चा असतानाच भरपूर ऑलिव्ह तेलात मऊ करतात, मग निथळून अंड्यात मुरवतात. त्यात कांदा असावा की नसावा यावर तिथं घराघरांत वाद आहेत. उरलेल्या उकडलेल्या बटाट्याला फ्रिटाट्याचीच रीत बरी.

कांदालसूण

ताई, लई भारी. पण कोल्हापूरचा पदार्थ आणि कांदा-लसूण मसाला नाही म्हटल्यावर जीव लागत नाही. मी काल करून बघितला. कांदा परतताना दीड चमचा मसाला घातला, वास सुंदर सुटला, पण शेवटी खालची बाजू काळी आणि कडवट. कुठं चुकलं?

रंकाळावेस

मसाल्यात सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा-लसूण असतं. एकदा भाजलेलंच ते, पंधरा मिनिटं तापल्या बुडाला पुन्हा लागलं की करपणारच. रश्शात पाणी असतं म्हणून तिथं चालतं. इथं मसाला अंड्यात कालवायचा. अंडं त्याला सांभाळतं, बुडाला थेट लागू देत नाही. शिवाय बहुतेक घरच्या मसाल्यात मीठ कुटतानाच पडलेलं असतं, तेव्हा पाऊण चमच्याऐवजी अर्धा चमचा मीठ पुरे. मी उद्या तुमच्यासाठी म्हणून करून बघते आणि लिहिते.

कॅम्पातली_मी

पुण्यातून. माझ्या लहानपणी आमच्या पारशी शेजारणीकडे रविवारी ‘पपेटा पर ईडू’ व्हायचं. पपेटा म्हणजे बटाटा, ईडू म्हणजे अंडं. बटाट्याच्या पातळ चकत्या कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून झाकणाखाली मऊ करायच्या, चमच्याने खळगे करायचे आणि प्रत्येक खळग्यात एक अंडं अलगद फोडायचं. पुन्हा झाकण. अंडी फेटायची नाहीत, उलटायचंही नाही. होस्टेलवाल्या मुलाला हे सोपं जाईल. इराणमध्येही बटाटा किसून किंवा कुस्करून अंड्यात कालवतात आणि थापून तळतात, त्याला कुकू म्हणतात. तुमच्याकडे वड्याचं सारण उरलं तर कुकूच्या पद्धतीने करा. कुस्करलेल्या बटाट्याच्या चकत्या होणार नाहीत, पण अंड्यात तो छान मिसळतो.

गूळपोळी

उपासाची बटाट्याची भाजी उरली असेल, शेंगदाण्याचं कूट घातलेली, तर चालेल का? आमच्याकडे तीच जास्त उरते.

रंकाळावेस

चालेल. कूट पटकन लाल होतं, म्हणून ती भाजी वेगळी परतू नका. नुसती गरम करून अंड्यात कालवा आणि आच बारीक ठेवा. जिरं-मिरची त्यात आहेच. मीठही आहे, अंड्यापुरतंच घाला. लिंबू पिळलेली भाजी असेल तर दूध घालू नका.

साखर_कमी

मला मधुमेह आहे. बटाटा म्हटलं की घरातले डोळे वटारतात. शिळा बटाटा साखर कमी वाढवतो असं ऐकलं, ते कितपत खरं?

आहार_विहार

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून लिहिते. शिजवून गार केलेल्या बटाट्यातल्या काही स्टार्चची रचना बदलते आणि तो लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जातो. पुन्हा गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. म्हणून ताज्या गरम बटाट्यापेक्षा साखर थोडी सावकाश चढते. पण बाकीचा सगळा स्टार्च आहेच, त्यामुळे हा बटाटा मोजल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही. फ्रिटाट्यात तुमच्या बाजूने दुसरी गोष्ट आहे: एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि भाजी आहे. वरच्या प्रमाणातले बटाटे निम्मे करा, त्याजागी मेथी किंवा पालक चिरून, परतून, पाणी आटवून घाला. एक तुकडा खाऊन दोन तासांनी साखर तपासा. तुमच्या शरीराचं उत्तर तुम्हाला तिथं मिळेल. सोबत भाकरी किंवा ब्रेड घेऊ नका, पिष्ट पदार्थ बटाट्यात आलेच.

आणखी एक, उकडलेले बटाटे रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात आणि कोमट, ओलसर बटाट्यात वाढतात. फ्रीजमध्ये तीन दिवसांपर्यंत ठेवा, त्यापुढे नको.

गाळा_नंबर_नाही

बटाट्याच्या व्यापारात बावीस वर्षं आहे, म्हणून बटाट्याबद्दल दोन शब्द. गिऱ्हाईक मला विचारतं, भाजीला कुठला, वड्याला कुठला. जुना, पिठूळ बटाटा वड्याला. नवा, पातळ सालीचा, ज्याची साल अंगठ्याने निघते तो उकडल्यावर आकार धरतो, चकत्यांना तो घ्या. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ जातींच्या नावात ‘कुफरी’ असतं, ते सिमल्याजवळच्या गावाचं नाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली, तिथल्या जातींना हे नाव देतात.

कच्चा बटाटा मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि तेलात टाकल्यावर आतून शिजायच्या आधीच काळपट होतो. अंधाऱ्या, हवेशीर जागी पोत्यावर पसरून ठेवा. उजेडात हिरवा झालेला, कोंब आलेला बटाटा उकडून गुण येत नाही. त्यातलं सोलॅनिन हे विष उकडल्याने जात नाही. हिरवा भाग खोलवर कापा, जास्त असेल तर टाकूनच द्या. मी स्वतः माल विकतो तरी हे सांगतो.

जाईजुई

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांना डावलून आम्ही खातो ते मला बरं वाटत नाही. अंड्याशिवाय जमेल का?

तोरीनोहून

इटलीतच उत्तर आहे. लिगुरियात हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर फारिनाता करतात. पीठ कित्येक तास भिजवून ठेवतात आणि मग मोठ्या थाळ्यात पातळ भाजतात. आपल्या पिठाच्या पोळ्याचा तो सख्खा भाऊ.

रंकाळावेस

जाईजुई, मी आईसाठी करायचे ते सांगते. एक वाटी बेसन, सव्वा वाटी पाणी, हळद, ओवा, मीठ, दोन चमचे दही. अर्धा तास भिजवून ठेवायचं. बाकी भाजी आणि बटाटे वरच्यासारखेच. थर मात्र बोटभर जाडीपेक्षा जास्त नको, बेसन मध्ये कच्चं राहिलं तर पोट दुखतं. झाकण ठेवून बारा मिनिटं, उलटून सहा. अंड्यासारखं लुसलुशीत होणार नाही, खमंग होईल. त्याला मी फ्रिटाटा म्हणणार नाही, बेसनाचा पोळाच म्हणेन. पण दोन कढया लावल्या की सासूबाईंच्या ताटातही त्याच बटाट्याचा तुकडा पडतो. आधी त्यांचा करा, म्हणजे कालथा वेगळा ठेवायची वेळ येत नाही.

रंकाळावेस

@कांदालसूण, कबूल केल्याप्रमाणे आज सकाळी केला. चार बटाटे, सहा अंडी. मसाला सपाट एक चमचा, दुधात आधी कालवून मग अंड्यात, म्हणजे गुठळी राहत नाही. मीठ अर्धा चमचा. मटाराऐवजी कांद्याची पात जास्त. दूध गंगावेशीतून समोर काढून दिलेलं म्हशीचं, त्याची चव वेगळी कळली, साईचा मऊपणा आला. कढईखाली जुना लोखंडी तवा ठेवला, त्यामुळे आच सगळीकडे पसरली. बारा मिनिटं झाकणाखाली, चार मिनिटं उलटून. खालची बाजू तांबूस, कुठंही काळी नाही. रंग असा आला की मुलगा तालमीतून आल्यावर म्हणाला, आज रस्सा आटवलाय का?

खाताना कडवटपणा नव्हता. तिखट अंगावर येत नाही, मागून येतं. सासऱ्यांसाठी एक चतुर्थांश भाग साधा ठेवला होता: थोडं अंडं राखून बाकीचं आधी साधंच ओतलं, राखलेल्यात मसाला कालवला आणि तीन बाजूंना वरून फिरवला. थोडा मसाला त्यांच्या बाजूला सरकलाच. त्यांनी तक्रार केली नाही, पण पाणी दोनदा मागितलं. पुढच्या वेळी त्यांचा लहान कढईत वेगळा करेन.

कांदालसूण

व्हय ताई, आता समजलं. दुधात कालवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी करतो, घरात सातजण आहोत. दोन कढया की एक मोठी?

रंकाळावेस

दोन. बारा अंडी एका कढईत घातली तर थर जाड होतो, बूड लागेपर्यंत मध्य शिजत नाही. आणि बटाटे शनिवारी रात्रीच उकडून ठेवा.

विद्यापीठ_होस्टेल

केला. तीन अंडी, मेसमधून मागून आणलेले दोन उकडलेले बटाटे, एक कांदा. इंडक्शन सगळ्यात कमी, झाकणाला रुमाल बांधला. सतरा मिनिटं लागली. सुरी कोरडी आली. न उलटता थेट पॅनमधूनच चार तुकडे केले, दोन खाल्ले, दोन डब्यात घालून लॅबला नेले. दुपारी एकला गारच खाल्ले, तोरीनोच्या ताईंनी सांगितलं तसं. कांदा सकाळपेक्षा गोड लागला.

तोरीनोहून

लॅबमध्ये सकाळपासून बाहेर होता का डबा? अंड्याचा आहे, दोन तासांपेक्षा जास्त ठेवणार असशील तर फ्रीज शोध. इथं गारठा असतो, आपल्याकडे आता उन्हाळा लागेल.

विद्यापीठ_होस्टेल

अकराला निघालो होतो, दोन तासच झाले. उद्यापासून विभागाच्या फ्रीजमध्ये ठेवतो.